कोहमाऱ्याच्या कमान्या

सांगलीहून जीप घेऊन गोंदिया जिल्ह्यात चाललोय म्हटल्यावर आमच्या छापखान्यातले सगळे एकच विचारत होते, "मालक, तिकडं बघायला काय आहे?" मी बघायला चाललोच नव्हतो. माझा शाळेपासूनचा मित्र सुधाकर दरेकशाजवळ दवाखाना चालवतो. पौषात त्याचं पत्र आलं. डोंगरावर बेलटोला नावाची वस्ती आहे, तिथल्या नऊ म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू पिकलेत, महिन्याच्या शेवटच्या रविवारी गोंदियाला शस्त्रक्रियेचं शिबिर आहे. वस्तीपर्यंत साधी गाडी चढत नाही. तेव्हा तुझी ती चारी चाकांनी ओढणारी जीप आठवडाभर घेऊन ये.

जीप जुनी आहे, पण माझा तिच्यावर फार जीव. एरवी मी तिच्यातून कागदाची रिमं वाहतो. ओझ्यानं ती मागे बसायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिचे पाटे कडक करून घेतले होते. पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. प्रत्येक जुडग्यात दोन पट्ट्या जादा घातल्या आणि वरून नव्या कड्या आवळल्या. गाडी दगडासारखी ताठ झाली. कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे.

कोहमारा

नागपूर मागे टाकून मंगळवारी दुपारी कोहमाऱ्याच्या चौकात पोचलो. इथे मोठ्या रस्त्याला गोंदियाचा रस्ता फुटतो, त्यामुळे ढाब्यांची आणि ट्रकांची दाटी. एका ढाब्यावर चहा घेत होतो, तेवढ्यात शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून पन्नाशीचा एक सडपातळ माणूस आला. माझ्याकडे न बघता त्यानं जीपच्या पुढच्या बंपरवर पाय ठेवून सगळा भार टाकला. गाडी हलली नाही.

"काऊन जी, हिच्या कमान्या कायले एवढ्या कडक केल्या?"

पाट्यांना तिकडे कमानी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "ओझं वाहतो."

"ओझ्यासाठी बराबर हाय. आता कोटी जाऊन राहिले?"

"दरेकशाला. तिथून वर जंगलात."

"मंग सैल करून घ्या. दगडधोंड्यात चाक खाली उतरलं पायजे. हे नाही उतरत."

आमच्याकडे कोणी एवढं थेट बोललं असतं तर आधी गावाचं नाव, मग पाऊसपाणी, मग मुद्दा आला असता. मी हसून "येताना बघू" म्हणालो. मनात म्हटलं, गिऱ्हाईक शोधतोय. त्यानंही आग्रह केला नाही. "बरं जी" म्हणून आपल्या कामाला गेला.

दरेकसा

पुढचा रस्ता मी कधीच विसरणार नाही. आमच्याकडे नजर जाईल तिथे ऊस उभा असतो. इथे भातकापणी झालेल्या बांध्या, म्हणजे चौकोनी खाचरं, पायऱ्यांसारखी उतरत जातात आणि त्यांच्या ओलीतच पेरलेलं लाखोळीचं कडधान्य हिरवंगार पसरलेलं असतं. मधेमधे तळी. एका तळ्याच्या काठी सारसांची जोडी दिसली, माणसाएवढी उंच, लाल मानेची. मी गाडी थांबवून उतरलो तरी ती उडाली नाही. वाटेनं जाणाऱ्या सायकलवाल्याला मी विचारलं, "भीत नाहीत?" तो म्हणाला, "आपल्याच वावरातली होत, कायले भितील?"

दरेकसा डोंगरात वसलंय. छोटंसं स्टेशन, मागे सागाचं आणि तेंदूचं रान. सुधाकर एका शेतकऱ्याच्या घरी भाड्यानं राहतो. हे बिसेनकाका पवार समाजातले. आपले पूर्वज माळव्यातून आले हे त्यांनी मला हातपाय धुण्याआधीच सांगितलं. संध्याकाळी त्यांच्याकडे तांदळाच्या पिठाचे आयते खाल्ले. तव्यावरचे पातळ, जाळीदार, सोबत लसूण-मिरचीची चटणी. मग भात, लाखोळीची डाळ आणि वालाच्या शेंगांची भाजी. मी भाकरीची वाट पाहत थांबलो. ती आली नाही, भातच पुन्हा आला. बिसेनकाका म्हणाले, "भाताशिवाय पोट भरते का जी?" आमच्याकडे हेच वाक्य भाकरीबद्दल म्हणतात.

जेवताना सुधाकरनं खरी अडचण सांगितली. या नऊजणांना तयार करायला त्याला तीन वर्षं लागली होती. डोळा कापतात म्हणजे काढूनच घेतात, अशी वस्तीची समजूत. शेवटी सुकवारोबाई नावाची एक म्हातारी हो म्हणाली आणि तिच्या जोरावर बाकीचे आठ. "ती वस्तीत सगळ्यांत मोठी आहे," सुधाकर म्हणाला. "ती फिरली तर सगळे फिरले असं समज."

नाला

बुधवारी सकाळी आम्ही वर गेलो. बेलटोल्याच्या खाली एक कोरडा नाला आहे, गोल गुळगुळीत धोंड्यांनी भरलेला. जाताना गाडी कशीबशी पार झाली. सुकवारोबाईला तपासणीसाठी त्याच दिवशी खाली न्यायचं होतं. दोन वर्षांपासून तिला दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळत होता. नातवानं तिला उचलून मागच्या बाकावर बसवलं, सुधाकर शेजारी बसला.

परतताना नाल्यात पुढचं उजवं चाक एका मोठ्या धोंड्यावर चढलं. गाडी डावीकडे कलली आणि तशीच अडकली. मी उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक, दोन्ही अधांतरी. कडक पाट्यांनी त्यांना खाली उतरूच दिलं नव्हतं. एंजिनाचा सगळा जोर त्या लोंबत्या चाकांत जाऊन ती गरगरा फिरत होती आणि जमिनीवरची दोन चाकं जागची हलत नव्हती.

तिथेच सगळ्यांना उतरवणं शहाणपणाचं होतं. मी तसं केलं नाही. पुन्हा आत बसून जोरात रेस केली. धोंडा निसटला, गाडी डाव्या अंगावर एवढी झुकली की खिडकीतून मला थेट नाल्याची वाळू दिसली. मग ती धाडकन परत चारी चाकांवर आदळली. सुधाकरचं कपाळ लोखंडी कांबीवर आपटलं. सुकवारोबाईनं माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिला काय होतंय ते दिसत नव्हतं, हे मला अजून टोचतं.

"मोला उतार दे," ती म्हणाली. मला उतरव. आवाज चढवला नाही, पण परत गाडीत बसायला ती तयार होईना. "मैं नइ बइठंव ए गाडी मा." ती छत्तीसगढी बोलते. मला प्रत्येक शब्द कळला नाही, अर्थ कळला. नातवानं तिला पाठीवर घेतलं आणि ती दोघं वस्तीकडे चढून गेली. वस्तीतले लोक वरून बघत उभे होते.

सुधाकर कपाळाला रुमाल दाबून दगडावर बसला होता. तो मला काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "विनायक, आता नऊच्या नऊ गेले."

तेव्हा मला कोहमाऱ्याचा तो माणूस आठवला. बंपरवर पाय ठेवून त्यानं जे अर्ध्या मिनिटात ओळखलं होतं, ते मला दोन वर्षांत उमगलं नव्हतं.

पुन्हा कोहमारा

गुरुवारी सकाळी मी त्याच्या शेडपुढे जीप उभी केली. काल काय झालं ते सगळं सांगितलं, रेस केल्याचंही. त्यानं मधे एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. फक्त विचारलं, "बुढी बाईले लागलं तं नाही?" मग हात पुसून म्हणाला, "जयभीम. मी रामटेके. इची चावी द्या."

शेडमध्ये रामटेके आणि त्यांची बायको प्रमिलाबाई, दोघंच काम करतात. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ओळीनं टांगलेले हातोडे. रामटेके तरुणपणी लाकूड वाहणाऱ्या ट्रकांवर होते. जंगलात ट्रकची कमानी तुटली की तिथेच झाडाखाली बसवायची. तिथेच ते शिकले, आणि लग्नानंतर प्रमिलाबाई त्यांच्याकडून.

आधी त्यांनी गाडीची परीक्षा घेतली. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर एकावर एक ठेवून पुढचं उजवं चाक त्यावर चढवायला सांगितलं. मागच्या उजव्या चाकाखाली त्यांनी आधीच कागद अंथरला होता. कागद माझ्याच गाडीत राहिलेला, रिमातला एक कोरा ताव. दोनच स्लीपर झाले होते. प्रमिलाबाईंनी दोन बोटांनी ताव ओढला. तो अलगद बाहेर आला.

"पाहा," रामटेके म्हणाले. "चाक भुईले टेकूनच नाही. मंग ओढंल कोन?"

मग त्यांनी चारी कमान्या उतरवल्या आणि पट्टी न पट्टी सुटी केली. प्रमिलाबाईंनी प्रत्येक पट्टी दोरीला टांगून छोट्या हातोड्यानं ठोकली. टण्, टण्, देवळातल्या घंटेसारखा आवाज. सहावी की सातवी पट्टी, मागच्या उजव्या बाजूची सगळ्यांत लांब, सगळी गाडी जिच्यावर असते ती. तिचा आवाज आला थप्. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"ही फुटली हाय."

मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी गंज घासला, रॉकेल लावून पुसलं, वर खडू फासला. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटली. नऊ म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी त्या रेघेवर बसून डोंगर उतरणार होतो.

"तुम्हाला आवाजावरून कसं कळतं?" मी विचारलं.

"फुटकं मडकं घेता का तुमी बाजारातून?" त्या म्हणाल्या. "वाजवूनच घेता ना जी? तसंच."

दिवसभर मी एका डब्यावर बसून त्या दोघांना बघत राहिलो. मध्ये प्रमिलाबाईंनी मला बाजूला बसवून वाफाळता भात आणि वांग्याचं भरीत वाढलं. फुटलेल्या पट्टीच्या जागी रामटेक्यांनी भंगारातली एक चांगली पट्टी निवडली. जमिनीवर खडूनं कमानीचा आकार काढला आणि ऐरणीवर न तापवता थंडच ठोकत, परत परत त्या रेघेवर ठेवून बघत, ती तंतोतंत वाकवली. मी घातलेल्या जादा पट्ट्या बाजूला काढल्या. उरलेल्यांची टोकं घासून गोल केली, म्हणजे ती खालच्या पट्टीत रुतत नाहीत. मधे ग्रीस. आवळलेल्या कड्या काढून जरा रुंद कड्या घातल्या. कमानीचं टोक ज्या छोट्या लोखंडी पाळण्यात झुलतं, तो पाळणा गंजून गच्च झाला होता. त्या जागी थोडा लांब, मोकळा झुलणारा पाळणा आला. चाकाला वरच्यावर अडवणारे आखूड शॉकअब, म्हणजे धक्के शोषणारे दांडे, बदलून लांब बसवले.

"पट्टी पट्टीवरून सरकली पायजे," रामटेके सांगत होते. "जोर कमी नाही केला. मोकळी केली. मानसासारखंच हाय जी, घट्ट बांधून ठेवलं तं काम कसा करंल?"

त्याची किंमतही त्यांनी लपवली नाही. "आता इच्यात कागद भरून नेऊ नका. बसून जाईल. अन् वळणावर हळू, अंग टाकंल."

संध्याकाळी पुन्हा स्लीपर रचले. दोन, तीन, चार. पाचव्यावर चाक चढलं तेव्हा जीप एखाद्या बसू लागलेल्या जनावरासारखी एका कोपऱ्यात दुमडली आणि मागचं चाक मात्र खाली खाली येत भुईवर दाबून बसलं. प्रमिलाबाईंनी ताव ओढला. तो टरकन फाटला. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या ढाब्यावरची ट्रकवाली मंडळीही हसली.

मी निघायची घाई केली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, बेलटोल्याची मनधरणी करायला वेळ हवा होता. रामटेके मात्र अजून गाडीखालीच होते. त्यांनी मला वाकून बघायला लावलं. चाक एवढं खाली उतरल्यावर ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला गेला होता.

"याच्याहून लांब पाइप लागते. गोंदियाहून सकाळच्या बसनं येईल."

"सावकाश चालवतो. उद्या दरेकशातच बघू."

"नाही जी."

"अहो, पोचायचं आहे मला."

"उतारावर हा तुटला तं बिरेक नाही. गाडीत बुढे लोक. मंग पोचान कोटी?" त्यांनी आवाज चढवला नाही. "चावी तिच्यापाशी हाय. तिले मागा."

मी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चावी पदराला बांधली होती. "चहा घेता का?" त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला. काल नाल्यात मला असं कोणी अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी कंडक्टरनं पाइप आणून दिला. तो बसवून, ब्रेकमधली हवा काढून, रामटेक्यांनी स्वतः उतारावर चारदा गाडी दाबून बघितली. मी निघताना प्रमिलाबाईंनी विचारलं, "त्या बुढ्या बाईले कसं सांगान?"

"माफी मागेन," मी म्हणालो. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रामटेक्यांनी शेडचं दार ओढून कुलूप लावलं. "चला," ते म्हणाले. "हातानं केलं त्याच्यात बसून बी पाहू."

बेलटोला

शनिवारी सकाळी नाल्यापाशी रामटेके उतरले आणि गाडीपुढे उलटे चालत राहिले, हातानं खुणा करत. याच्यावर घ्या, याच्या बाजूनं, आता सोडा. तोच धोंडा आला. पुढचं चाक वर चढलं. मागचं चाक खाली उतरलं, खडखड करत दगडांमध्ये टेकलं आणि गाडी हलकेच डुलत पार झाली. मागे बसलेल्या प्रमिलाबाईंनी एका हातानंसुद्धा काही धरलं नव्हतं.

सुकवारोबाई अंगणात उन्हाला बसली होती. सुधाकर बोलायला लागला, तिनं मान फिरवली. मी माफी मागितली. "बाई, चूक माझी होती. तुम्हाला उतरवायला पाहिजे होतं, मी उतरवलं नाही." तिनं ते ऐकलं, पण उठली नाही. मग प्रमिलाबाई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या, तिचा हात हातात घेतला. त्यांचे तळवे ग्रीसनं काळे आणि खरखरीत. म्हातारीनं ते चाचपून पाहिले.

"लोहार हस का?" तिनं विचारलं. लोहारीण आहेस का?

"कमान्या करतो आमी. ही गाडी मीच बनवली. मी तुझ्यासंगं बसतो, आई. पडलो तं दोघी पडू."

सुकवारोबाईनं तो हात एकदा दाबून सोडला. मग उठली आणि आत जाऊन नवं लुगडं नेसून आली. तिच्यामागे बाकीचे आठ आले. दोन खेपांत नऊजण खाली उतरले. दोन्ही खेपांना प्रमिलाबाई मागे, आणि रामटेके नाल्यात पुढे, उलटे चालत.

गोंदिया

रामटेके नवरा-बायकोला शनिवारी दुपारी कोहमाऱ्याच्या बसमध्ये बसवून दिलं आणि नऊजणांना घेऊन आम्ही रेल्वेनं गोंदियाला आलो. रविवारी शस्त्रक्रिया चालू असताना मला बसवेना, म्हणून जवळच्या नागऱ्याला जाऊन आलो. तिथलं महादेवाचं देऊळ जुनं आहे, दगडावर दगड ठेवून उभं केलेलं. शांत, गार. मी देवापुढे काही मागितलं की नाही ते आठवत नाही. परत आलो तेव्हा सुकवारोबाई खाटेवर उताणी पडली होती, एका डोळ्यावर पट्टी. सगळे नऊजण नीट होते.

सोमवारी पट्टी काढली. शहर हिंदी बोलणारं. डॉक्टरनं तिच्यापुढे बोटं धरून विचारलं, "अम्मा, कितने?" तिनं बोटांकडे पाहिलंच नाही. ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. एक रिक्षा, एक गाय, पेरू विकणारी बाई. मग सुधाकरकडे वळून म्हणाली की तू तर अजून पोरगाच आहेस, मी समजत होते म्हातारा असशील. सुधाकर हसला आणि चष्मा पुसायला बाहेर गेला.

मंगळवारी दरेकशाला परतून मी जीपची पहिली खेप घेऊन निघालो. डोंगर चढून नाल्यापाशी आलो तेव्हा सुकवारोबाईनं काळा चष्मा सावरत माझ्या खांद्याला हात लावला.

"थाम. अब दिखथे. मैं रेंगत जाहूं."

मला वाटलं ती रांगत जाणार म्हणतेय. मी घाबरून सुधाकरकडे पाहिलं. "तिकडे रेंगणं म्हणजे चालणं," तो म्हणाला. "आता दिसतंय, चालत जाते म्हणतेय." मग तिला म्हणाला, "बाई, गाडी आता चांगली झालीये. बसा."

तिनं मान हलवली. सुधाकरनं तिला वाकायचं नाही असं बजावून उतरवलं. ताठ मानेनं, काठी टेकत, ती नाल्यात शिरली. एक धोंडा बघितला, त्याच्या बाजूनं गेली. दुसऱ्यावर पाय ठेवला, थांबली, तिसरा निवडला. नातू पुढे हात करून उभा होता, तिनं तो धरला नाही.

मी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि चार पावलं अंतर ठेवून, ती जिथून गेली तिथूनच, हळूहळू तिच्या मागे नाला चढलो.